शेजाऱ्यांकडे शब्बातला कोणती वाइन न्यावी?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत हायलंड पार्कला राहतो. शेजारचं कुटुंब ज्यू आहे, कोशर म्हणजे त्यांच्या धर्मातले खाण्यापिण्याचे नियम काटेकोर पाळणारं. माझ्या बाळंतपणात आई येऊ शकली नाही, तेव्हा शेजारच्या बाईंनी मला खूप आधार दिला. आता त्यांनी आम्हाला शुक्रवारी रात्री शब्बातच्या, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाला बोलावलंय. काय आणू विचारलं तर म्हणाल्या, काही नको, अगदीच वाटलं तर कोशर वाइन आणा. जेवणात मासे आणि चिकन आहे, म्हणून व्हाइट घ्यावी असं नवरा म्हणतो. दुकानात गेले तर एवढ्या बाटल्या पाहून काहीच सुचेना. पंधरा डॉलरच्या वर जायचं नाहीये. वाइनमधलं मला काहीही कळत नाही. त्यात कुठंतरी वाचलं की आपला हात लागला तर ती वाइन त्यांना चालत नाही. हे वाचून मनाला लागलं. हा सोवळ्याओवळ्याचाच प्रकार ना? सासूबाई नाशिकहून आल्या आहेत. त्या म्हणतात, लोकांकडे दारू घेऊन काय जाता, पेढे न्या. मी काय करू?

उत्तर

पेढे नेऊ नका. तुमच्या सासूबाईंची भावना बरोबर आहे, पण त्या रात्री टेबलावर चिकन असणार. कोशर घरात मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. मांस खाल्ल्यावर बऱ्याच घरांत सहा तास दुधाचं काही तोंडात घालत नाहीत. तुमच्या हातचे पेढे त्यांच्या ओट्यावर झाकून राहतील आणि नंतरही खाता येणार नाहीत, कारण ते ज्या कढईत आटवले ती कढई कोशर नाही. याच कारणाने चिवडा, लाडू, चकली, घरचं काहीच चालणार नाही. म्हणजे शेजारीणबाईंनी वाइन सुचवली ती सहज बोलण्याच्या ओघात नव्हे. सीलबंद कोशर बाटली ही तुमच्या घरून त्यांच्या टेबलावर निःशंकपणे येऊ शकेल अशी वस्तू आहे. तुम्हाला रिकाम्या हाताने यायला लागू नये, हा विचार त्यांनी केला. बाई जाणत्या आहेत.

आता बाटली. बॅरन हरझॉगची शेनिन ब्लाँ (त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन) घ्या. कॅलिफोर्नियातली आहे, कोशर आहे, मेवुशाल आहे (म्हणजे काय ते पुढे सांगते), किंचित गोडसर आहे आणि तुमच्या बजेटात बसते. न्यू जर्सीत ही मिळायला अडचण येऊ नये, कारण ज्या रॉयल वाइन कंपनीची ती आहे तिचं ठाणंच बेयोनला, तुमच्याच राज्यात आहे. दोन बाटल्या घ्या. एक शुक्रवारसाठी आणि एक त्याआधी घरी उघडायला. ही दुसरी बाटली चैन म्हणून सांगत नाहीये. जी वस्तू आपण भेट देणार ती अन्नाबरोबर कशी लागते हे आपल्याला माहीत असावं, आणि वाइन हा प्रकार ताटासमोर बसल्याशिवाय कळतच नाही. दुकानात उभं राहून लेबलं वाचण्यापेक्षा घरी एक संध्याकाळ चार घासांबरोबर चाखली तर तुम्हाला जास्त समजेल.

आधी हाताचं बोलू, कारण तुमच्या पत्रात खरी दुखरी जागा तीच आहे.

कोशर वाइनची द्राक्षं वेगळी नसतात. द्राक्षं चुरडण्यापासून बाटली बंद होईपर्यंत वाइनला हात लावणारी माणसं शब्बात पाळणारी ज्यू असावी लागतात, आणि आत जे काही पडेल ते कोशर असावं लागतं. वाइन नितळ करायला कुठे जिलेटिन वापरतात, कुठे दुधातलं केसिन. त्या जागी इथे बहुधा बेंटोनाइट नावाची माती वापरतात. हात लावण्याचा नियम फार जुना आहे. ग्रीक-रोमन जगात वाइन देवांपुढे ओतून वाहत असत. मूर्तिपूजेत वाहिलेली वाइन आपल्या पोटात जाऊ नये म्हणून ज्यू धर्मगुरूंनी परक्या हाताची वाइन वर्ज्य केली. दुसरं कारण तल्मूद या ज्यू धर्मग्रंथात उघडच सांगितलं आहे. एकत्र पिणं वाढलं की सोयरिकी जुळतात, आणि त्या जुळू नयेत असं त्यांना वाटत होतं. पाचोळ्यासारख्या विखुरलेल्या लहान समाजाची ती काळजी होती.

सोवळ्याशी याचं नातं काय? आपलं आणि परकं यांच्यात रेघ ओढणारा नियम आहे, हे मी नाकारणार नाही. तुम्हाला लागलं ते साहजिक आहे. आपल्याकडे शिवाशिवीने माणसांचं जे केलं ते आठवलं की अशा कुठल्याही नियमाने अंगावर काटा येतोच. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. हा नियम वाइनला लागतो, माणसाला नाही. तुम्ही त्यांच्या सोफ्यावर बसाल, त्यांच्या ताटात जेवाल, त्यांचं मूल कडेवर घ्याल, तुम्ही नेलेलं सफरचंद ते कापून खातील. आणि अनेक धर्मगुरूंच्या मते, जो ज्यू जाहीरपणे शब्बात मोडतो त्याच्या हातालाही हाच नियम आहे. म्हणजे जन्मावरून कुणाला खालचं ठरवणारी ही व्यवस्था नव्हे. ज्या बाईने तुमच्या बाळंतपणात तुम्हाला सांभाळलं तिच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे हे तुम्हाला बाटलीवरच्या नियमावरून शोधायची गरजच नाही.

शिवाय नियमाला वाट आहे, आणि तीच मेवुशाल. तापवलेली वाइन देवापुढे वाहायच्या योग्यतेची राहत नाही असं मानलं जाई, म्हणून मेवुशाल वाइनला हा हातांचा नियम लागत नाही. एकेकाळी ती खरोखर उकळत आणि चवीचं वाटोळं होई. आता रस किंवा वाइन नळ्यांमधून नेताना काही क्षण ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि लगेच थंड करतात. जाणकार अजून वाद घालतात की याने वास थोडा मंदावतो. महागड्या, वर्षानुवर्षं ठेवायच्या वाइनबाबत ते खरं असू शकेल. दहा-पंधरा डॉलरच्या, वर्षभरात पिऊन संपवायच्या व्हाइटमध्ये तुम्हाला-मला तो फरक जाणवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि फायदा मोठा आहे. उघडलेली मेवुशाल बाटली तुम्ही उचला, शेजाऱ्याच्या पेल्यात ओता, कुणाचीही भुवई वर जाणार नाही. कोशर लग्नांत आणि हॉटेलांत वाढपी कुणीही असतात, म्हणून तिथे मेवुशालच ठेवतात.

दुकानात बाटली फिरवून मागचं लेबल बघा. वर्तुळात यू अक्षर असेल तर ती ऑर्थोडॉक्स युनियनची खूण. ही संस्था १८९८ सालची आहे आणि तिची खूण जवळजवळ सगळीकडे मानतात. खुणेशेजारी पी दिसला तर तो पेसाख, म्हणजे पासओव्हरच्या सणालाही चालेल असं सांगणारा. वाइनवर तो बहुतेक असतोच. ‘मेवुशाल’ हा शब्द बारीक टायपात कुठेतरी कोपऱ्यात छापलेला असतो, तो शोधाच. दिसला नाही तर ती बाटली नाही असं समजून दुसरी घ्या. नाव इंग्रजीत हिब्रूसारखं आहे किंवा बाटली इस्रायलची आहे म्हणून कोशर आहे असं धरून चालू नका, इस्रायलमध्ये कोशर नसलेल्याही वाइनऱ्या आहेत. तुमच्याकडे कुणी शाकाहारी असेल तर तेही सांगून ठेवते, कोशर म्हणजे आपोआप शाकाहारी नव्हे. अंड्याचा पांढरा कोशरमध्ये चालतो आणि वाइन नितळ करायला काही ठिकाणी तो वापरतात.

वर्ष अगदी अलीकडचं घ्या. या किमतीची व्हाइट ठेवून सुधारत नाही.

दुकानदार कदाचित तुम्हाला दाट, जांभळी, साखरी वाइन दाखवेल. अमेरिकेत कोशर वाइन म्हटलं की लोकांना तीच आठवते, आणि त्याला कारण आहे. पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू कुटुंबांना तिथे हाताशी मिळालं ते काँकर्ड द्राक्ष. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४९ साली निपजलेली ही जात थंडीत टिकते, पण वाइन करायला उग्र आणि आंबट, म्हणून साखर ओतावी लागे. पुढे १९२० ते १९३३ दारूबंदी होती, त्यातही धर्मकार्याच्या वाइनला सूट होती, आणि गोड वाइनची सवय पक्की झाली. आजही कित्येक घरांत आजोबांची आठवण म्हणून तीच लागते, आणि त्यात मला काही कमी वाटत नाही. पण मासे-चिकनाच्या जेवणाबरोबर ती सरबतासारखी पुढेपुढे करते. हरझॉग कुटुंब मूळचं स्लोव्हाकियातलं, पिढ्यान्‌पिढ्या वाइन करणारं. १९४८ साली ते न्यूयॉर्कला आलं. त्यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात द्राक्षं घेऊन कोरड्या (म्हणजे गोड नसलेल्या), अर्धकोरड्या वाइन काढायला सुरुवात केली आणि रोजच्या जेवणाची कोशर वाइन परवडणारी झाली. तुमची शेनिन त्यातलीच.

तिची द्राक्षं क्लार्क्सबर्गची, सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यातली. दिवसा तिथे चांगलं ऊन आणि संध्याकाळी खाडीकडून गार वारा. त्यामुळे द्राक्ष पिकतं तरी आंबटपणा सोडत नाही. शेनिन ब्लाँची सगळी गंमत या आंबटपणात आहे. गोडवा वरवर लागतो, आणि मागून आंबट येऊन जीभ स्वच्छ करतो. वासाला पेअर, खरबूज, थोडा मध. दारूचं प्रमाण बारा-तेरा टक्के.

आता बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी घरची बाटली उघडा. दोन तास फ्रिजमध्ये, मग दहा मिनिटं बाहेर. बर्फगार वाइनला वास नसतो आणि स्वस्त वाइन फार थंड देऊन तिचे दोष लपवायची युक्ती सगळीकडे चालते, तुम्हाला तर दोष बघायचे आहेत. काचेचा कुठलाही पेला चालेल, स्टीलचा नको. आधी नुसता एक घोट घ्या आणि तोंडात जरा फिरवून गिळा. मग घास खा, पूर्ण गिळा, आणि रिकाम्या तोंडाने दुसरा घोट घ्या. तोंडात घास असताना वाइन प्यायली तर दोन्हींचा चोथा होतो. पहिल्या आणि दुसऱ्या घोटात काय बदललं एवढंच बघायचं. गोड जास्त वाटली का, आंबट वाटली का, पाणचट झाली का, की जिभेवर आग पडली. शब्द सुचले नाहीत तरी हरकत नाही.

घरात जे असेल त्याच्याबरोबर चाखा. पण शक्य असेल तर सुरुवात रवा लावून तळलेल्या पापलेटाने करा. हळद, मीठ, तिखट, लिंबू लावून मुरवलेला तुकडा, कडेने कुरकुरीत झालेला. पहिल्या घोटात जो आंबटपणा जाणवला होता तो या घासानंतरच्या घोटात कमी टोचतो. मीठ आणि लिंबू मिळून वाइनचा आंबटपणा मवाळ करतात, तेलाचा थर आंबटपणाने निघतो आणि पेअरचा वास एकदम वर येतो. तुकड्याचा पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. हीच जोडी जुळल्याची खूण, दुसरी कुठलीही व्याख्या लागत नाही. याच तुकड्याबरोबर लाल वाइन घेतली असती तर तिच्यातल्या लोहामुळे माशाचा वास तोंडात उग्र होऊन बसला असता. तुमच्या नवऱ्याचा व्हाइटचा सल्ला अगदी योग्य आहे.

नंतर ठेचा. बोटाच्या टोकावर घ्या, त्याहून जास्त नको. मिरचीने जिभेतले जे तंतू चेततात तेच अल्कोहोलनेही चेततात, म्हणून कोरडी, कडक वाइन ठेच्यावर घेतली तर तोंड पेटतं. शेनिनमधली थोडी साखर त्या आगीला आवर घालते, पण थोडीच. तिखट जितकं वाढवाल तितकी तिची धडपड कमी पडते. त्यामुळे वाइन असेल त्या दिवशी घरातलं तिखट एक पायरी उतरवा. आपल्या जेवणाला वाइन शोभत नाही असं लोक म्हणतात ते खरं नाही. अडचण मसाल्याची नाहीच, ती मिरचीची आणि पातळ पदार्थांची आहे. चिंचगुळाच्या आमटीबरोबर मी वाइन घेणार नाही. चव भांडते म्हणून नाही, पातळावर पातळ कशाला? उलट भरली वांगी बघा. दाण्याचं कूट, तीळ, गूळ, गोडा मसाला, वर तेलाचा तवंग. वाइनचा गोडवा गुळाशी जुळतो आणि तेल आंबटपणाने कापलं जातं. थालीपीठ गरम असताना लोण्याबरोबर खाऊन बघा. भाजणीचा खमंगपणा शेनिनला इतका मानवतो की माझ्या मते मराठी ताटातली ही सगळ्यात चांगली जोडी आहे, पापलेटापेक्षाही. बटाट्याची कोरडी भाजी चांगली, साबुदाणा वडा चांगला, सोलकढी अजिबात नको. शिरा खाऊन लगेच घोट घ्या आणि तोंड वाकडं करा. गोडावर कमी गोड वाइन आंबटढोण लागते. ते मुद्दाम एकदा अनुभवा म्हणजे शुक्रवारी गोडाच्या वेळी पेला बाजूला का ठेवायचा ते कळेल.

हे सगळं त्यांच्या टेबलावर कसं उतरेल? शब्बातच्या जेवणात आधी मासा असतो, बहुधा गेफिल्टे फिश. कार्प किंवा व्हाइटफिश वाटून, त्यात कांदा, अंडं आणि बऱ्याच घरांत साखर घालून केलेले गोळे, थंड वाढलेले. पहिल्यांदा खाणाऱ्या मराठी माणसाला गोड मासा चमत्कारिक वाटतो. वाइनचा घोट घेतलात तर त्या गोडीला साथ मिळते आणि पदार्थ समजायला लागतो. सोबत हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाची, लाल बीट घातलेली चटणी असेल, ती जिभेला न झोंबता सरळ नाकात चढते. तिच्यानंतर वाइनची चव अर्धा मिनिट हरवते, थोडं थांबा. मग ताटल्या बदलतील. मासा आणि मांस एकत्र खात नाहीत, मधे काहीतरी खाऊन-पिऊन तोंड स्वच्छ करायची रीत आहे, आणि तुमच्या बाटलीचा तो मानाचा क्षण असू शकतो. सूप आलं की पेल्याला विश्रांती. नंतर लसूण-पापरिका लावून भाजलेलं चिकन आणि पोटॅटो कुगेल, म्हणजे किसलेल्या बटाट्याचा तेलात भाजलेला जाड थर, वरून तांबूस कुरकुरीत. कुगेलबरोबर ही वाइन खरी खुलते. थालीपीठाने तुम्हाला जे शिकवलं असेल तेच इथे पुन्हा भेटेल. हाल्ला हा वेणी घातलेला पाव गोडसर असतो, त्यालाही ती चालते.

शेवटी मधाचा केक वगैरे असेल, त्याला शेनिन पुरी पडत नाही. बजेटात थोडी जागा असेल आणि दोन प्रकार न्यावेसे वाटले तर बार्तेनुरा मोस्कातो, निळ्या बाटलीतली. इटलीची, कोशर, मेवुशाल, बारीक बुडबुड्यांची, गोड आणि दारू जेमतेम पाच टक्के. वाइन न पिणाऱ्यांना ही आवडते. पण एकच न्यायची असेल तर ही नेऊ नका, मासे-चिकनापुढे ती नुसती गोड होऊन बसते. पूर्ण कोरडी वाइन आवडणारं कुणी घरात असेल तर न्यूझीलंडची गूज बे सोव्हिन्याँ ब्लाँ आहे. ती बहुतेक तुमच्या पंधराची रेघ ओलांडेल आणि गोड गेफिल्टे फिशपुढे ती कठोर वाटेल. मी तुमच्या जागी तिच्या वाटेला जाणार नाही.

सासूबाई नाशिकच्या, तेव्हा त्यांना सांगा की ही शेनिन ब्लाँ त्यांच्या गावालाही अनोळखी नाही. नाशिकच्या सुला वाइनरीने २००० साली ज्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या त्यात शेनिन ब्लाँ होती, आणि आज नाशिक भागात हे द्राक्ष भरपूर आहे. पण कुणी गावाकडून आणलेली बाटली प्रेमाने पुढे केली तरी ती शुक्रवारी नेऊ नका. द्राक्ष तेच असलं तरी कोशरची खूण नसेल तर शेजाऱ्यांना ती उघडताच येणार नाही, आणि तुम्हाला तसं सांगणं त्यांना जड जाईल. घरच्या संध्याकाळी मात्र दोन्ही शेजारी ठेवून जरूर चाखा.

आणि ‘लोकांकडे दारू’ हा त्यांचा आक्षेप. त्यांना असं सांगून बघा. शुक्रवारी रात्रीचं शब्बातचं जेवण सुरू होतं ते वाइनच्या पेल्यावर म्हटलेल्या प्रार्थनेने, तिला किद्दूश म्हणतात. यजमान पेला हातात धरून द्राक्षवेलीच्या फळासाठी देवाचे आभार मानतात आणि मग घरातली मुलंसुद्धा एक घोट घेतात. तिथे वाइन धुंद होण्यासाठी नसते. आपल्याच मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यू लोकांकडे, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला, कोशर वाइन मिळेना तेव्हा काळ्या मनुका भिजवून त्याचं सरबत काढत आणि त्यावर किद्दूश म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, तेच हे लोक. मटणाच्या रश्शात दूध-दही चालत नाही म्हणून नारळाचं दूध घालणारे. सासूबाईंनी त्यांच्याबद्दल ऐकलं असेल. एवढं सांगूनही त्यांना वाइन नकोच वाटली तर त्यांचा मान ठेवा आणि केडेमचा पांढऱ्या द्राक्षांचा रस न्या. तोही कोशर, सीलबंद, आणि त्यावर किद्दूश चालतो. तुम्ही बाळाला अंगावर पाजत असाल तर तुमच्यासाठीही तो टेबलावर असलेला बरा, आणि वाइनबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

बाटली शुक्रवारी जेवायला जाताना हातात घेऊन जाऊ नका, दुपारीच पोचती करा. शब्बात लागल्यावर त्यांच्या हातांवर बरीच बंधनं येतात, आणि दुपारी दिली तर त्यांना ती थंड करून ठेवता येते. रात्री दारावरची बेल न वाजवता टकटक करा. फोन पर्समध्ये ठेवा, दिवे लावू-बंद करू नका. किद्दूश होईपर्यंत पेल्याला तोंड लावू नका. किद्दूशसाठी त्यांनी तुमची बाटली न घेता दुसरी, बहुधा लाल घेतली तर वाईट वाटून घेऊ नका. काही घरं त्या पेल्यासाठी मेवुशाल नसलेलीच वाइन घेतात. तशी बाटली टेबलावर उघडी असेल तर तिला हात न लावता यजमानांना ओतू द्या. तुम्ही आणलेली मात्र खुशाल उचला. नंतर सगळे हात धुऊन येतील आणि हाल्ला तोडेपर्यंत एक शब्द बोलणार नाहीत. रुसले नाहीत, रीत आहे. तुम्हीही गप्प बसा.

परतीचं बोलावणं देताना स्वयंपाकाचा घाट घालू नका. अख्खी फळं, कागदी ताटल्या, नवीन प्लास्टिकचे पेले, कोशर खूण असलेले बंद पाकिटातले काजू-बदाम आणि हीच शेनिन. ही बाटली तुमच्या घरात तुम्ही उघडाल, तुम्ही ओताल आणि ते पितील. शुक्रवारी कुगेलबरोबर ती कशी लागली ते मला जरूर कळवा.